वजन उतरलं त्या वर्षीचा नाच

नागपूरच्या दवाखान्यात टाके बघायला बोलावलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी व्यायामाची सवय होती का? मी नाही म्हणणार तेवढ्यात माझा नवरा बोलला, "नाचते ना, साहेब. लग्नात, गरब्यात. आमच्या गावात हिच्यासारखं कोनी नाचत नाई." डॉक्टर हसले. सहा आठवडे जड काही उचलायचं नाही, रोज थोडं थोडं चालायचं आणि अंगात ताकद आली की मग हलकं हलकं नाचायला हरकत नाही, असं म्हणत त्यांनी ते गोळ्यांच्या नावांखाली लिहूनसुद्धा दिलं. औषधाच्या चिठ्ठीवर नाच लिहून मिळालेली आमच्या तालुक्यातली मी पहिलीच बाई असेन.

बाहेर बाकावर माझी मुलगी बसली होती. तेव्हा ती नववीत होती. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिनं ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "मंग नवरात्राच्या आधी तयार होजो."

आमचं गाव सेलूपासून फार लांब नाही. भाजीपाल्याची शेती आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, थंडीत कोबी. शेत नवरा आणि सासूबाई बघतात. मी गावातल्या अंगणवाडीत सेविका आहे, एकोणीस वर्षं झाली. दर महिन्याच्या सुरुवातीला लेकरांना काट्याच्या झोळीत बसवायचं, वजन घ्यायचं, वहीतल्या आलेखावर टिंब द्यायचं. टिंब खाली सरकलं की आईला बोलावून समजावायचं. बाकीचा वेळ गाणी, गोष्टी, खिचडी. दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं वाढावीत म्हणून मी इतकी वर्षं धडपडले आणि तेवढ्या वर्षांत माझं स्वतःचं एकशे अठरा किलोवर गेलं. साखर लागली. गुडघे गेले. झोपेत माझा श्वास मधेच थांबायचा आणि शेजारी झोपलेली मुलगी मला हलवून जागं करायची. ती चौथीत असल्यापासून हे काम करत होती. माझ्या मोठ्या भावाला हे कळलं तेव्हा तो ऐकेना. त्यानंच मला हट्टानं नागपूरला नेलं, आणि जूनच्या सुरुवातीला तिथल्या डॉक्टरांनी माझं जठर कापून लहान केलं. पोटावर पाच बारीक छिद्रं, बाकी बाहेरून काही नाही.

पण नाचत मी आधीपासून होते. तेवढ्या वजनाची असतानाही माझा पाय तालावर पडायचा. मुलगी माझ्यावर गेली होती, तेच रुंद खांदे, त्याच भरलेल्या पोटऱ्या. संध्याकाळी अंगणात दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायला बसलो की ती बाजेवर मोबाईल ठेवून गाणं लावायची. एखादं गाणं असं लागायचं की बसवत नसे. मग आम्ही दोघी उठायचो. ती मागून माझ्या कमरेवर हात ठेवायची आणि आम्ही गोल फिरायचो. सासूबाई ओरडायच्या की मेथी सुकून राह्यली, इकडं लक्ष द्या. लग्नात लोक आमच्याभोवती रिंगण करायचे. हसणारेही असत, मला ते कळायचं. जो जास्त हसेल त्याचा हात धरून मी त्याला आत ओढायची. तो दोन मिनिटांत धापा टाकत बाहेर जायचा आणि आम्ही मायलेकी नाचत राहायचो.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन महिने मला नीट आठवत नाहीत. औषधाच्या बाटलीच्या टोपणानं पाणी प्यायचे. वरणाचं पाणी, ताक, मग मऊ भात, तोही लहान वाटीत, एकेक घास मोजून चावत. घाई केली की सगळं बाहेर. सासूबाईंना ते बघवत नसे. त्या समोर बसून म्हणायच्या, "इतकुशानं काय होते, बाई? आजून एक घास खाय." आणि मी नाही म्हटलं की त्या तोंड फिरवून डोळे पुसायच्या. तिसऱ्या महिन्यात केस मूठमूठ गळायला लागले. गावात कोणी कमी होतं म्हणजे एक तर आजार किंवा घरात त्रास, अशीच समजूत. मला कॅन्सर झाला, अशी बातमी आमच्या गावातून शेजारच्या गावात जाऊन परत माझ्याकडेच आली. त्याआधीच, अंगणवाडीत परत जायला लागले तेव्हा, एका पोरानं मला विचारलं होतं, "बाई, तुमचं पोट कुठी गेलं?" त्याला उचलून घ्यावंसं वाटलं, पण उचलायची बंदी होती. लेकरं हात वर करून समोर उभी राहायची आणि मी खाली बसून त्यांना नुसतं जवळ घ्यायची.

रोज संध्याकाळी मी कालव्याच्या पाळीनं चालायला जाऊ लागले. मुलगी पाण्याची बाटली घेऊन सोबत यायची. पहिल्या दिवशी आम्ही लिंबाच्या झाडापर्यंत गेलो आणि मला घरी परत येईपर्यंत तीनदा बसावं लागलं. ती माझ्याबरोबर तीनदा बसली. ऑगस्टपर्यंत मी पुलापर्यंत जाऊन येऊ लागले. घरी आल्यावर ती कॅलेंडरवर खूण करायची.

एके संध्याकाळी शेतातून परतणाऱ्या दोन ओळखीच्या बाया पाळीवर भेटल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, चांगलीच वाळली म्हणाल्या, कसं केलं ते विचारलं. मी सांगितलं. मला सांगायला आवडायला लागलं होतं. जाता जाता त्यांतली एक मुलीकडे बघून म्हणाली, "माय तं बारीक झाली. आता पोरगीच राह्यली."

मी हसले. काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून हसले, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण खरं म्हणजे त्या बाईनं पहिल्यांदाच मला बारीक म्हटलं होतं आणि त्या शब्दाचं सुख माझ्या तोंडावर होतं. मुलगी बाटलीचं झाकण उघडून बंद करत उभी होती. आठवडाभरानं म्हणाली की शाळेचा अभ्यास वाढलाय, तू एकटी जात जा.

नाचायचा पहिला प्रयत्न मी अंगणवाडीत केला. लेकरं घरी गेली होती. मदतनीस बाई, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, भांडी घासत होती. मी लेकरांचंच एक गाणं म्हणत हात वर केले, उजवीकडे झुकले आणि पडता पडता भिंत धरली. मला वाटत होतं की ओझं उतरलं म्हणजे पाय आपोआप हलके पडतील. तसं झालं नाही. इतकी वर्षं माझ्या अंगाला त्या वजनाचा अंदाज होता. कुठे झुकलं की कुठे तोल जातो ते पायांना न विचारता कळायचं. आता ते वजन नव्हतं आणि पायांना काहीच कळेना. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबत होती, ती माझ्यामागून अर्ध्या तालानं हलायची. मदतनीस बाईनं हात पुसले, कोपऱ्यातली खुर्ची आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "हे धरून कर. कोनी पाहून नाई राह्यलं."

तेव्हापासून रोज लेकरं गेल्यावर दहा मिनिटं मी खुर्चीची पाठ धरून करायची. टाचा वर-खाली, एक पाय बाजूला, मग दुसरा. नंतर एक हात सोडून. मदतनीस बाई दार लोटून घ्यायची आणि बाहेर बसायची. सप्टेंबर संपेपर्यंत मी खुर्ची न धरता चार पावलं मागे आणि चार पुढे जाऊ लागले.

नवरात्रात आम्ही सेलूला गरब्याला गेलो. मुलगी यायला तयार नव्हती, मीच आग्रह केला. मैदानात ओळखीचे लोक थांबून थांबून माझ्याकडे बघत होते. काहींनी आधी ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि जवळ येऊन कौतुक केलं. मुलगी माझ्या एक पाऊल मागे उभी होती. रिंगणात शिरल्यावर, आमची जुनीच सवय, तिनं मागून माझ्या कमरेवर हात ठेवला. मी दचकले आणि "नको, नको" म्हणत तिचा हात बाजूला केला. टाक्यांची जागा दुखेल अशी भीती होती, आणि त्याहून जास्त म्हणजे लोंबती कातडी तिच्या हाताला लागेल याची लाज. आपल्याच पोरीची लाज. तिनं हात काढला आणि माझ्यापासून दोन माणसं सोडून नाचली. एक फेरी झाल्यावर ती बाहेर जाऊन आमच्या चपलांपाशी बसली. मी आणखी दोन फेऱ्या केल्या. मला आनंद होत होता, हेही लिहिलं पाहिजे. दम लागला नाही, गुडघा दुखला नाही. मी तिच्याकडे बघून हात हलवला. तिनंही हलवला.

दिवाळीनंतर दवाखान्यातून फोन आला. ऑपरेशनला घाबरणाऱ्या पेशंटसाठी माझे चार शब्द मोबाईलवर रेकॉर्ड करून देता का, असं विचारत होते. जुना एक फोटोही पाहिजे होता. मला मोठं वाटलं. तोपर्यंत तीसेक किलो उतरले होते. फोटो शोधायला बसले तर मी एकटीचा एकही धड फोटो नव्हता. जाड माणूस फोटो काढायला उभं राहत नाही, राहिलंच तर सगळ्यांच्या मागे. एकच फोटो पूर्ण अंगाचा होता, पुतण्याच्या लग्नातला. त्यात आम्ही दोघी नाचत होतो. माझं तोंड उघडं, डोळे मिटलेले, साडीचा पदर सुटलेला. मुलगी शेजारी, तिचा हात माझ्या कमरेवर. मी बोटानं फोटो सरकवला आणि तिला बाहेर काढलं. हात तेवढा राहिला. तो कापला तर मी अर्धी कापली जात होते.

रेकॉर्डिंग करणाऱ्यानं विचारलं, तेव्हा तुम्हाला कसं वाटायचं? त्याला कुठलं उत्तर हवंय ते मला दिसत होतं. मी म्हणाले, "मला आरशात बघायची लाज वाटायची. चार लोकांत जायची लाज वाटायची. ते काय जगणं होतं का?"

तो व्हिडिओ दोन दिवसांत गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. सरपंचबाईंनी घरी येऊन शाल दिली. मुलीनं तो सासूबाईंच्या शेजारी बसून शेवटपर्यंत बघितला, "चांगला हाय" म्हणाली आणि भांडी घासायला गेली. अंगणवाडीत मदतनीस बाईनं एवढंच म्हटलं, "त्या फोटोत पोरीचा हात दिसते." मी विषय बदलला.

त्याच आठवड्यात मी माझं कपाट आवरलं. जुने कुर्ते सगळे ढगळ झाले होते, पण कापड चांगलं होतं, काही तर एकदाच घातलेले. मी घडी करून मुलीच्या पलंगावर ठेवले आणि तिला म्हटलं की हे तुला बरोबर होतील. आज हे लिहिताना माझी मलाच चीड येते. तेव्हा मला ती काटकसर वाटली होती. तिनं ते कपडे कपाटाच्या तळाशी नीट लावून ठेवले आणि एकही घातला नाही.

मग काही गोष्टी घडत गेल्या, त्या मी पाहिल्या आणि पाहिल्या नाहीत. माझी जेवायची लहान वाटी जागेवर सापडत नसे. माझ्या प्रोटीन पावडरचा डबा लवकर संपू लागला. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाचातून तिनं नाव काढून घेतलं. तिच्या वर्गशिक्षिकेनं रस्त्यात थांबवून मला विचारलं, दरवर्षी तीच नाच बसवते, यंदा काय झालं? मी म्हणाले, पुढच्या वर्षी दहावी आहे, अभ्यासाचं वय आहे. ती थोडी बारीक दिसू लागली तेव्हा मला बरं वाटलं. आपलं बघून पोरीनं मनावर घेतलं, असं मी नवऱ्याला म्हटलं. त्यालाही बरं वाटलं.

जानेवारीत शाळेतून फोन आला. मुलगी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली होती. मी अंगणवाडी मदतनीस बाईवर सोडून धावले. शिक्षकांनी तिला आरोग्य केंद्रात आणलं होतं. पडताना पायरी लागून भुवईवर दोन टाके पडले होते. डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं, ते फार कमी होतं. त्यांनी तिच्या पापण्या, नखं बघितली आणि मला विचारलं, "ही घरी जेवते का?" मी हो म्हणाले. मुलगी छताकडे बघत होती. मॅडमनी तिला विचारलं, शेवटचं पोटभर कधी जेवलीस? तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, दिवाळीत.

एकोणीस वर्षं मी कुपोषित लेकरं शोधत होते. हाडं दिसणारं, पोट फुगलेलं, केस पिंगट झालेलं लेकरू मी रस्त्यावरून ओळखायची. पण गुबगुबीत दिसणारी पोरगी उपाशी असू शकते, हे माझ्या वहीत नव्हतं.

सलाईन लागल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "काऊन केलं असं, बेटा?"

ती हळूच म्हणाली, "तुले कापून घ्या लागलं. मले नाई कापून घ्याचं. म्हणून आतापासूनच."

"तुले कोनी म्हनलं का काही?"

"तूच म्हनलं. ते काय जगनं होतं का म्हने. आई, मी तं तशीच दिसतो ना, जशी तू त्या फोटोत."

मी तिचा हात धरला.

घरी आल्यावर मी सगळं चुकीचं केलं. दोन दिवस तिच्यासमोर ताट घेऊन बसले आणि घास घास भरवला. तिसऱ्या दिवशी तिनं तोंड मिटून घेतलं, मी आवाज चढवला आणि ताट सांडलं. सासूबाई आल्या, भात गोळा करू लागल्या. मी त्यांच्यावरच घसरले. दिवसभर घरी तुम्ही असता, तुम्हाला दिसलं नाही का, म्हणून विचारलं. त्या खाली बघूनच म्हणाल्या, "दिसलं. भाकर म्हशीले टाके ते. मी पाह्यलं. पन मले वाटलं, तूच सांगतलं तिले."

त्या वाक्यावर मी ओसरीत जाऊन बसले. नवरा शेतातून आला, त्याला सगळं कळलं. तो मला रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याला फोन करून तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. त्यांनी काही न विचारता काढला. पण लोकांच्या मोबाईलमध्ये तो होताच, अजूनही असेल. मी मुलीला म्हटलं की मी तिथं खोटं बोलले. ती म्हणाली, "मंग खरं कोनतं?"

मी म्हणाले, दोन्ही खरं. पाटावर बसता येत नसे, बसच्या सीटवर शेजारचा माणूस तोंड वाकडं करायचा, तेव्हा लाज वाटायची. नाचताना नाही वाटायची. नाचताना कधीच नाही वाटली.

"मंग अर्धंच काऊन सांगतलं?"



आरोग्य केंद्रातल्या मॅडमनी आम्हाला वर्ध्याला एका समुपदेशक बाईकडे पाठवलं. दर पंधरा दिवसांनी आम्ही एसटीनं जायचो. मुलगी आत जायची, मी बाहेर बसायची. कधी बाई मलाही आत बोलवायच्या. त्यांनी घरासाठी दोनच गोष्टी सांगितल्या. जेवताना कोणाच्याही ताटाबद्दल कोणी बोलायचं नाही. आणि घरातला वजनकाटा तिच्या नजरेसमोर ठेवायचा नाही, वजनाचे आकडेही बोलायचे नाहीत. पहिली गोष्ट सासूबाईंना फार जड गेली. त्या ओठ दाबून बसायच्या. वजनकाटा मी अंगणवाडीच्या कपाटात नेऊन ठेवला.

सुधारणा झाली, पण मला वाटलं होतं तशी नाही. मुलगी अर्धी भाकर खाऊ लागली, मग एक. कधी आठवडाभर बरं चालायचं आणि मग कोणीतरी रस्त्यात काही बोलायचं की दोन दिवस पुन्हा पाणीच. भुवईवरचा व्रण राहिला. आमच्यात बोलणं होत होतं, पण बेतानं, पाहुण्यांसारखं. माझा व्यायाम मी चालूच ठेवला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अंगात मांस धरून ठेवायचं तर हे सोडू नका. घरी मात्र मी कधी करत नसे. तिच्यासमोर हात वर करायची मला हिंमत होत नव्हती. आपण हलके झालो त्याची शिक्षा तिला झाली, हे प्रत्येक पावलाला मनात यायचं. पाय बरोबर पडला की जास्तच यायचं.

मे महिन्यात आर्वीला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. वरातीत बँड लागला. बहिणी, भाच्या, सगळ्यांनी मला ओढलं. मी दोन गाणी नाचले, सावकाश, पाय जमिनीवरून फार न उचलता. तिसऱ्या गाण्याला उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी एका दुकानाच्या पायरीवर बसले. मुलगी कुठूनशी पाणी घेऊन आली. एकदम पिऊ नको, म्हणाली. मी घोट घोट प्यायले. तेवढ्यात तिच्या मामेबहिणी आल्या आणि तिला घेऊन गेल्या. ती नाही म्हणाली नाही.

ती नाचली. माझ्याकडे पाठ करून, बहिणींच्या मधोमध, आधी नुसते हात, मग खांदे, मग सगळी. नवरात्रातल्या त्या एका फेरीनंतर मी तिला नाचताना बघितलं नव्हतं. तिच्या अंगात तेच होतं, जे माझ्या अंगातून गेलं होतं. मी उठून जवळ गेले नाही. कोणीतरी मला म्हणालं, जा ना, मायलेकी मिळून नाचा, पूर्वीसारखं. मी पाय दुखतात म्हणाले. मी गेले असते तर ती थांबली असती, असं मला वाटलं. चूक असेल किंवा बरोबर, मी पायरीवरूनच बघत राहिले, वरात वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत.

आता ती दहावीत आहे. पावसाची उघडीप होती म्हणून मागच्या रविवारी आम्ही दोघी अंगणात वांगी निवडत बसलो होतो. सासूबाई आत होत्या. ती खाली बघूनच म्हणाली, "आई, तुहं आता किती हाय?"

समुपदेशक बाईंनी सांगितलेलं मला आठवलं. आकडे बोलायचे नाहीत. पण तिला मी एकदा अर्धंच सांगितलं होतं. मी म्हणाले, "उन्हाळ्यात अठ्ठ्याहत्तर होतं. आता एक्क्याऐंशी. वाढून राह्यलं."

तिनं किडकं वांगं बाजूला टाकलं. "भेव वाटते का?"

"वाटते. रोज."

तिनं माझ्याकडे बघितलं, बहुतेक मी खरं बोलते की नाही ते बघायला. मग म्हणाली, "मले बी." आणि पुढचं वांगं हातात घेतलं. आम्ही टोपली संपेपर्यंत बसलो.